श्रीशंकर आज्ञेवरून

ईश्वराची आज्ञा पाळणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न आपल्या घरांतून सहसा विचारला जात नाही. देवपूजा, व्रतवैकल्ये, सणवार यथासांग पार पडले, की आज्ञा पाळली गेली असे आपण धरून चालतो. माळव्यात पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या मराठी माणसाच्या उंबरठ्याशीच या प्रश्नाचे एक उत्तर उभे आहे. ते म्हणजे देवी अहिल्याबाई होळकर यांचे २८ वर्षांचे राज्य.

१७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले. १७६६ साली सासरे मल्हारराव गेले आणि पुढच्याच वर्षी पुत्र मालेरावही निवर्तले. १७६७ साली कारभार हाती घेतल्यावर बाईंनी राज्य श्रीशंकराच्या चरणी वाहिले. ‘श्रीशंकर आज्ञेवरून’ अशा शब्दांत त्यांची आज्ञापत्रे निघू लागली. नाण्यांवर शिवलिंग आणि बिल्वपत्र उमटले.

येथे वाचकांच्या मनात शंका येईल. देवाचे नाव पुढे करून आपलेच म्हणणे खरे करणारे सत्ताधीश का थोडे झाले? शंका रास्त आहे. ‘ही देवाची आज्ञा’ असे म्हटले, की जाब विचारणाऱ्याचे तोंड बंद होते. परंतु बाईंनी त्या नावाची ढाल केली नाही, त्या नावाचा धाक स्वतःलाच घातला. बाईंना पाहिलेल्या लोकांच्या आठवणी सर जॉन माल्कम यांनी गोळा केल्या व १८२३ साली प्रसिद्ध केल्या. सत्तेच्या प्रत्येक वापराबद्दल आपणांस ईश्वरापुढे उत्तर द्यावयाचे आहे, अशी बाईंची धारणा होती, असे ते नमूद करतात.

ही धारणा दिनचर्येत उतरलेली होती. पहाटे उठून स्नान, पूजा, पुराणश्रवण, दानधर्म. त्यानंतर साधे भोजन. आणि दुपारपासून सूर्यास्तापर्यंत दरबार. रात्री पुन्हा काही घटका कामकाज. पूजा आटोपली म्हणजे धर्म संपला आणि व्यवहार सुरू झाला, अशी फाळणी तेथे नव्हती. रयतेची फिर्याद ऐकणे हाही पूजेचाच उत्तरार्ध होता.

पैशाच्या बाबतीत तर ही दक्षता विशेष दिसते. काशी विश्वेश्वराचे मंदिर, सोमनाथ, ठिकठिकाणचे घाट, विहिरी, अन्नछत्रे यांचा खर्च मुख्यतः खासगीच्या उत्पन्नातून झाला. ही खासगी १७३४ साली पेशव्यांनी गौतमाबाईंना लावून दिलेली होती. देवाला वाहावयाचे तेही दौलतीच्या तिजोरीतून नव्हे, हा विवेक आजही विचार करण्याजोगा आहे. निपुत्रिक सावकाराच्या विधवेला दत्तक घेण्यासाठी अधिकाऱ्याने जबर रक्कम मागितली, तेव्हा बाईंनी ती मागणी मोडून काढली व दत्तक मान्य केला. एका विद्वानाने त्यांच्या स्तुतीचा ग्रंथ रचून आणला. त्यांनी तो शांतपणे ऐकला आणि नर्मदेत टाकविला. सेवकाने स्वामीचा मान घेऊ नये, एवढाच त्याचा अर्थ.

मात्र आज्ञा ओळखणे नेहमीच सोपे नसते. खंडेराव गेले तेव्हा बाई सती जाण्यास निघाल्या होत्या. मल्हाररावांच्या विनवणीने त्या थांबल्या. त्या काळी चिता हाच धर्म मानणारे पुष्कळ होते. तरी पुढे लाखो रयतेला जो आधार मिळाला, तो त्या थांबण्यातून मिळाला. १७९१ साली कन्या मुक्ताबाई पतीमागे सती जाऊ लागल्या, तेव्हा त्यांना परावृत्त करण्यासाठी बाईंनी जिवाचे रान केले, पण यश आले नाही. त्या दुःखातही त्यांनी कारभार सोडला नाही. रूढी जे सांगते ते सारेच ईश्वराचे सांगणे नव्हे, ही जाणीव फार मोठी किंमत देऊन येते.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी बाईंची जीवनयात्रा संपली. महेश्वरच्या वाड्यात मातीची पार्थिव लिंगे करून पूजून ती नर्मदेत विसर्जित करण्याचा नित्यनेम आजही चालू आहे. रोज घडवायचे, रोज वाहून द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नव्याने बसायचे. आज्ञापालन म्हणजे असाच रोजचा उद्योग आहे. आपल्यापाशी राज्य नाही; पण घरखर्चाची वही आहे, मोलकरणीचा पगार आहे, भावंडांतील वाटणीचा कागद आहे. त्या प्रत्येक कागदावर ‘श्रीशंकर आज्ञेवरून’ असे निःशंक मनाने लिहिता येईल काय, एवढे आपण स्वतःस विचारून पाहावे.