सायबरट्रकची विक्री का घसरली?

अमेरिकेतील टेस्ला कंपनीच्या ‘सायबरट्रक’ या विजेवर चालणाऱ्या पिकअप ट्रकची विक्री २०२५ मध्ये जवळपास निम्म्यावर आली. कंपनी या वाहनाचे आकडे स्वतंत्रपणे जाहीर करीत नाही. मात्र ‘कॉक्स ऑटोमोटिव्ह’ या संस्थेच्या अंदाजानुसार अमेरिकेत २०२४ मध्ये सुमारे ३९ हजार, तर २०२५ मध्ये सुमारे २० हजार सायबरट्रक विकले गेले. वर्षाला अडीच लाख वाहनांचा टप्पा गाठण्याची अपेक्षा कंपनीचे प्रमुख इलॉन मस्क यांनी २०२३ मध्ये व्यक्त केली होती.

आश्वासन आणि वास्तव

या वाहनाचे अनावरण २१ नोव्हेंबर २०१९ रोजी झाले. प्रारंभिक किंमत ३९,९०० डॉलर आणि कमाल पल्ला ८०० किलोमीटर असेल, असे तेव्हा सांगण्यात आले. नोंदणीसाठी केवळ १०० डॉलर अनामत होती आणि तीही परत मिळणारी होती. त्यामुळे नोंदणी दहा लाखांवर गेल्याचे सांगितले गेले. नोव्हेंबर २०२३ मध्ये वितरण सुरू झाले, तेव्हा जाहीर झालेली किमान किंमत ६०,९९० डॉलर होती आणि पल्ला जास्तीत जास्त सुमारे ५५० किलोमीटर. अनामत भरणारे सर्वजण ग्राहक झाले नाहीत.

बाह्यांगावरील पोलादी पट्टी सुटून पडण्याचा धोका आढळल्याने मार्च २०२५ मध्ये ४६ हजारांहून अधिक ट्रक दुरुस्तीसाठी परत बोलवावे लागले.

प्रतिमेचा प्रश्न

जानेवारी ते मे २०२५ या काळात मस्क यांनी ट्रम्प प्रशासनाच्या खर्चकपात मोहिमेचे नेतृत्व केले. त्याच्या निषेधार्थ टेस्लाच्या दालनांसमोर निदर्शने झाली. सायबरट्रकचा आकार दुरूनही ओळखू येणारा असल्याने त्याच्या मालकांनाही लोकांचा रोष सहन करावा लागला. काही वाहनांची नासधूसही झाली.

सप्टेंबर २०२५ अखेर विद्युत वाहनांवरील ७,५०० डॉलरची करसवलत बंद झाली. अडचण एका कंपनीपुरती नव्हती. विजेवर चालणाऱ्या ‘एफ-१५० लाइटनिंग’ या पिकअपचे उत्पादन थांबवण्याचा निर्णय फोर्ड कंपनीने डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केला. जड ओझे ओढताना अशा ट्रकचा पल्ला बराच घटतो, ही कामकरी ग्राहकांची मुख्य तक्रार आहे.

भारतातील चित्र

टेस्लाचे मुंबईतील दालन १५ जुलै २०२५ रोजी सुरू झाले, ते ‘मॉडेल वाय’ या मोटारीसह. सायबरट्रक तेथे विक्रीस ठेवण्यात आला नाही. भारतात विद्युत वाहनांचा प्रसार प्रामुख्याने दुचाकी आणि तीनचाकींतून झाला. २०२४-२५ मध्ये देशात सुमारे सात लाख विद्युत तीनचाकी विकल्या गेल्या. वाराणसीत अहिल्याबाई होळकरांनी बांधलेल्या अहिल्याबाई घाटाकडे जाणारे यात्रेकरू गोदौलिया परिसरापर्यंत अनेकदा ई-रिक्षानेच येतात. वाहतूक कोंडीचा दोष या रिक्षांनाही दिला जातो. परंतु चालकाला त्या रोजची कमाई मिळवून देतात.

मालवाहू चारचाकींची परीक्षा मात्र बाकी आहे. ‘छोटा हत्ती’ म्हणून परिचित असलेल्या टाटा एसच्या मालिकेतील ‘एस प्रो’ जून २०२५ मध्ये बाजारात आला, तेव्हा पेट्रोलवरील वाहनाची किंमत ३.९९ लाख रुपये होती, तर विजेवरील वाहनाची ६.५० लाख. कर्ज काढून टेम्पो घेणारा छोटा व्यावसायिक हा अडीच लाखांचा फरक किती वर्षांत भरून निघेल, याचा हिशेब आधी करतो. कुतूहलापोटी नोंदणी होऊ शकते. विक्री टिकते ती या हिशेबावर.