मंडळाच्या संगणकाचे घड्याळ आणि पावत्यांवरची वेळ

चवथीच्या वर्गणीचा हिशेब तपासताना पावती क्रमांक 114 वर 11:52 आणि 115 वर 11:41 अशी वेळ दिसली. रक्कम पैशापर्यंत जुळत होती. तरी पावती मागाहून घुसडली की काय, असा प्रश्न बैठकीत निघाला आणि टेबलावर बसणारी मुले हिरमुसली. म्हणून हा खुलासा.

कचेरीतला संगणक भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून लावलेला होता. ते घड्याळ कार्यक्रम वेळेवर सुरू व्हावेत म्हणून आम्ही मुद्दाम पुढे ठेवतो! संगणक 13 मिनिटे पुढे असल्याचे कुणाच्या तरी लक्षात आले आणि त्याने काम चालू असतानाच काटा मागे घेतला. त्यामुळे 11:40 ते 11:53 हा वेळ त्या दिवशी दोनदा आला.

चालू घड्याळ मागे घेऊ नये, ते याचसाठी. इंटरनेटवरून वेळ जुळवणारी प्रणाली लहानसा फरक असेल तर घड्याळाची चाल किंचित मंद किंवा जलद करते. काटा उडी मारत नाही. लिनक्सवरच्या नेहमीच्या पद्धतीत ही दुरुस्ती सेकंदाला जास्तीत जास्त अर्धा मिलिसेकंद होते. म्हणजे एका सेकंदाला साधारण 33 मिनिटे लागतात. आमची 13 मिनिटे अशी भरून काढायला 18 दिवस लागले असते! इतका फरक असेल तर पावत्यांचे काम थांबवावे, वेळ दुरुस्त करावी आणि शेवटच्या पावतीची वेळ उलटून गेल्यावरच पुढची पावती फाडावी. तेरा मिनिटे म्हणजे एक चहा.

खरी वेळ दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतली आण्विक घड्याळे राखतात. त्या प्रयोगशाळेच्या किंवा एनआयसीच्या सर्व्हरशी संगणकांची वेळ जुळवावी, असा निर्देश सर्ट-इनने 28 एप्रिल 2022 रोजी कंपन्यांना आणि सरकारी खात्यांना दिला. आम्हीही आता तिथूनच वेळ घेतो.

घरच्यांसाठी एक सूचना. दुबईहून आणलेला लॅपटॉप दीड तास मागे दिसला, तर काटा पुढे सरकवू नका. टाइम झोन बदला. आतली मोजणी जागतिक वेळेतच चालते आणि ती बरोबरच असते. काटा सरकवलात तर तीच बिघडते. सप्ताहात कॅमेऱ्याने फोटो काढणाऱ्यांनी पहिला फोटो मोबाइलवरच्या घड्याळाचा काढावा, म्हणजे कॅमेरा किती मागे-पुढे आहे ते नंतरही काढता येते.

जुन्या पावत्यांवरची वेळ आम्ही खोडलेली नाही. क्रमांक 1 ते 114 पर्यंत घड्याळ 13 मिनिटे पुढे होते, अशी नोंद वहीत केली असून तिच्यावर खजिनदारांची सही आहे. पावत्यांचा क्रम यापुढे क्रमांकावरूनच धरला जाईल. भिंतीवरचे घड्याळ मात्र पुढेच राहणार आहे.