हस्तसुप्ती : स्नेहन-स्वेदनापूर्वी निदान

‘हाताला मुंग्या येतात, रात्री हात बधिर होतो,’ ही तक्रार आपल्या चिकित्सालयात नित्याची आहे. सुप्ती म्हणजे वातप्रकोप आणि वातप्रकोप म्हणजे तेल व शेक, असे समीकरण आपण सहज मांडतो. परंतु सुप्ती हे लक्षण आहे, स्वतंत्र व्याधी नव्हे. चरकसंहितेत प्रमेहाच्या पूर्वरूपांत हातापायांची सुप्ती व दाह, तर कुष्ठाच्या पूर्वरूपांत स्पर्शज्ञानाचा अभाव सांगितला आहे.

म्हणून प्रथम बधिरतेचे स्थान निश्चित करावे. अंगठा, तर्जनी, मध्यमा व अनामिकेची अर्धी बाजू बधिर होत असेल, रुग्ण रात्री उठून हात झटकत असेल, तर मनगटात मीडियन नर्व्ह दबत असण्याचा संभव अधिक. गर्भिणी, मधुमेही व थायरॉइडची न्यूनता असलेल्या रुग्णांत हे विशेष आढळते. रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी उपयुक्त ठरते. मात्र अंगठ्याच्या मुळाशी मांस क्षीण होऊ लागल्यास शल्यचिकित्सकाचे मत घेण्यास विलंब नको. केवळ करंगळी व तिच्या लगतची अर्धी अनामिका बधिर असेल तर कोपर तपासावे. मान वळविताना वेदना हातात उतरत असेल तर ग्रीवा. बधिरता आधी पायांत, मग दोन्ही हातांत आली असेल तर रक्तशर्करा व बी-१२ पाहावे. दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-१२ची उणीव संभवते.

त्वचेवर संवेदनाहीन फिकट वा तांबूस चट्टा असेल, कोपरामागील नर्व्ह जाड लागत असेल, तर कुष्ठरोगाची शंका घ्यावी. शासकीय केंद्रांत त्यावरील बहुविध औषधोपचार विनामूल्य मिळतो. तो लांबल्यास बोटे कायमची वाकडी होऊ शकतात. एका बाजूचा हात अकस्मात बधिर होऊन मुख वाकडे झाले वा वाणी अडखळली, तर तो पक्षाघात समजून रुग्णास तत्क्षणी रुग्णालयात पाठवावे. गुठळी विरघळविणारे औषध सामान्यतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

स्वेदनाविषयी विशेष सावधता हवी. चरकाचार्यांनी मधुमेही अस्वेद्य मानला आहे. शिवाय बधिर हाताला चटका कळत नाही. फोड आल्यावरच दाह झाल्याचे ध्यानी येते. म्हणून आधी कापसाने स्पर्शज्ञान तपासावे आणि जेथे ते उणे आहे तेथे शेक टाळावा.

औषधी विक्रेत्यांनीही तेलाची बाटली देण्यापूर्वी चार प्रश्न अवश्य विचारावेत : कधीपासून? कोणती बोटे? मधुमेह आहे का? अंगावर चट्टा आहे का? निदानानंतर योजिलेले स्नेहन रुग्णास साह्यकारी ठरते. निदानाऐवजी दिलेले तेल त्याचा बहुमोल काळ दवडते.