रक्ताची गोष्ट (भाग ४) : गोळी लागू का पडत नाही?

मागच्या आठवड्यात फेरिटिनची, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याची, तपासणी पाहिली, आता औषधाकडे वळू. लोहाची गोळी स्वस्त आहे, सरकारी दवाखान्यात तर फुकट मिळते. तरी ‘गोळ्या खाऊनही रक्त वाढत नाही’ ही तक्रार घरोघरी आहेच. बहुतेकदा गोळी चांगलीच असते, चुकते ती घेण्याची वेळ.

आपल्याकडे गोळी नाश्ता झाल्यावर चहाच्या घोटाबरोबर जाते. चहातली टॅनिनं लोहाला धरून ठेवतात आणि ते न शोषलं जाताच बाहेर पडतं. दूध, कॅल्शियमची गोळी आणि आम्लपित्तावरची औषधंही आड येतात. तेव्हा चहा आणि गोळी यांत एक-दोन तास जाऊ द्यावेत. सकाळी उपाशीपोटी, लिंबूपाण्याबरोबर घेतली तर उत्तम. मळमळत असेल तर जेवणानंतर घ्या. लोह थोडं कमी मिळेल, पण गोळी सुटण्यापेक्षा ते परवडलं. शौचाला काळं होतं, त्याला घाबरू नये.

लवकर बरं व्हावं म्हणून दिवसाला दोन-तीन गोळ्या घेणारेही भेटतात. त्याने पोट तेवढं बिघडतं. लोहाचा मोठा डोस पोटात गेला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि पुढचा जवळपास दिवसभर आतडं लोह घ्यायला कुरकुरतं. स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी २०१५ आणि २०१७ मध्ये लोह कमी असलेल्या तरुणींवर अभ्यास केले. एक दिवसाआड घेतलेल्या गोळीतलं लोह रोजच्यापेक्षा अधिक प्रमाणात शोषलं जातं, असं त्यांत दिसलं. रोजची गोळी सोसत नसेल तर डॉक्टरांना हे जरूर विचारा. गरोदर बाईने मात्र आपल्या मनाने दिवस गाळू नयेत.

आणि ते बीट-डाळिंब! रंग लाल, म्हणून रक्त वाढतं ही समजूत काही जात नाही. सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. त्यापुढे डाळिंबातलं लोह अगदीच किरकोळ. अळिवाचे लाडू त्या मानाने खरे गुणाचे, पण गोळीची जागा तेही घेत नाहीत.

सगळ्यात मोठा घोटाळा पुढे होतो. हिमोग्लोबिन १२ च्या वर गेलं, दम लागेनासा झाला, की गोळी बंद. खरं तर तेव्हा रोजच्या खर्चापुरतं भागलेलं असतं, लोहाच्या साठ्याची कणगी रिकामीच असते. ती भरायला पुढे आणखी तीन महिने लागतात. पाळीत अंगावरून फार जात असेल, तर त्यावर उपचार झाल्याशिवाय कणगी भरणारच नाही.

गोळी नीट घेतली तर महिन्याभरात हिमोग्लोबिन साधारण एक-दोन ग्रॅमने वाढायला हवं. नाही वाढलं तर डोस वाढवत बसू नका, निदान पुन्हा तपासून घ्या. पुरुषाला किंवा पाळी थांबलेल्या बाईला लोहाची कमतरता निघाली, तर जठर-आतड्यात कुठे रक्तस्राव होतोय का, हे आधी पाहावं लागतं. थॅलेसेमियाच्या वाहकांचा अहवाल तर वरवर लोहाच्या कमतरतेसारखाच दिसतो. त्यांच्याविषयी, आणि नंदुरबार-गडचिरोलीकडच्या सिकलसेलविषयी, पुढच्या आठवड्यात.