एका कानाने भागत नाही

अमेरिकेतल्या हौशी स्कॅनरवाल्यांच्या टेबलावर चार-पाच रिसीव्हर सहज दिसतात. सगळे एकाच वेळी चालू. कुणी अग्निशमन दलाचं बोलणं टिपतोय, कुणी विमानतळाचं. बघणारा मनात म्हणतो, हौसेला मोल नाही. एक स्कॅनर शेकडो चॅनेल ऐकतो, मग इतके कशाला?

खरी गंमत इथेच आहे. स्कॅनर शेकडो चॅनेल ऐकतच नाही. एका क्षणी तो एकच ऐकतो, फक्त जागा फार झपाट्याने बदलतो. सेकंदाला शंभर चॅनेल चाळणाऱ्या यंत्रात पाचशे चॅनेल भरले, तर एका फेरीला पाच सेकंद लागतात. बंबावरच्या जवानाचं ‘पोचलो’ तेवढ्यात बोलून संपलेलं असतं. शिवाय कुठे आवाज सापडला की स्कॅनर तिथे थांबतो, आणि थांबला की उरलेले 499 चॅनेल त्याच्यापुरते नाहीसेच होतात. सगळं ऐकणारं म्हणून मिरवणारं हे यंत्र बहुतेक वेळ बहुतेक ठिकाणी ठार बहिरं असतं.

आग लागल्यावर हे बहिरेपण जाचायला लागतं. कंट्रोल रूम एका चॅनेलवरून गाड्या पाठवत असते आणि जागेवर पोचलेले जवान दुसऱ्या चॅनेलवर आपसात बोलत असतात, दोन्ही एकदमच. म्हणून निदान दोन रिसीव्हर तरी लागतात. काही जण एक डाव्या कानाला लावतात, एक उजव्या. दोन दिशांनी येणारे आवाज मेंदू बऱ्यापैकी वेगळे ठेवतो.

पण याहून चक्रावून टाकणारी गोष्ट म्हणजे ट्रंकिंग. पूर्वी प्रत्येक खात्याची फ्रिक्वेन्सी ठरलेली असे. मोठ्या शहरांत खाती वाढली, पण फ्रिक्वेन्सी काही वाढेनात. मग बँकेत टोकन घेऊन जो काउंटर मोकळा होईल तिथे जावं, तशी व्यवस्था आली. जवानाने बटण दाबलं की त्याचा रेडिओ आधी कंट्रोल चॅनेलवर विनंती पाठवतो. क्षणार्धात मध्यवर्ती संगणक एक मोकळी फ्रिक्वेन्सी नेमून देतो आणि त्या गटाचे सगळे रेडिओ आपोआप तिकडे वळतात. पुढचं उत्तर आणखी तिसऱ्याच फ्रिक्वेन्सीवर येऊ शकतं. बोलणाऱ्यांना याचा पत्ताही नसतो. जुन्या स्कॅनरवर मात्र नुसते तुकडे पडायचे: आगीचा प्रश्न, त्याला कचरागाडीचं उत्तर!

1997 च्या सुमारास कंट्रोल चॅनेल वाचू शकणारे स्कॅनर बाजारात आले. कानाला हा चॅनेल नुसती अखंड घरघर वाटतो. पण ‘प्रोजेक्ट 25’ या डिजिटल पद्धतीत त्या घरघरीतून सेकंदाला 9600 बिट वाहत असतात: कोणता गट कोणत्या फ्रिक्वेन्सीवर गेला, याची चालू वहीच म्हणा ना. अडचण एवढीच, की एकुलता रिसीव्हर एखाद्या संभाषणामागे गेला की ही वही मिटली. तेवढ्यात दुसरीकडे काय सुरू झालं, ते त्याला कळत नाही. त्यावर उपाय म्हणजे एक रिसीव्हर कायम कंट्रोल चॅनेलवर बसवायचा आणि दुसऱ्याला बोलण्यामागे धाडायचं. हल्ली तिथले अनेक पोलीस विभाग बोलणं सांकेतिक करतात. ते उलगडत नाही, पण कोणता गट बोलतोय, हे ही वही बहुधा तरीही सांगते.

2012 मध्ये सगळा हिशेबच बदलला. संगणकावर डिजिटल टीव्ही बघण्यासाठी विकल्या जाणाऱ्या एका स्वस्त यूएसबी डोंगलमधली ‘आरटीएल2832यू’ ही चिप कच्च्या लहरींचे आकडे थेट संगणकाला देऊ शकते, हे काही प्रोग्रामरांनी ओळखलं. असं डोंगल एका वेळी सुमारे 2.4 मेगाहर्ट्झचा पट्टा उचलतं. 25 किलोहर्ट्झचा एक चॅनेल धरला, तर त्यात 96 चॅनेल बसतात, आणि सॉफ्टवेअर ते सगळे खरोखरच एकाच वेळी ऐकू शकतं. चाळणं संपलं! तरी डोंगलांची संख्या वाढतेच. विमानांच्या संभाषणाचा पट्टा 118 ते 137 मेगाहर्ट्झ. 19 मेगाहर्ट्झ झाकायला आठ डोंगल हवीत. विमानांची जागा सांगणारे संकेत 1090 वर, जहाजांचे 162 च्या आसपास. त्यांना वेगळी डोंगल आणि शक्यतो वेगळ्या अँटेना. एकाच अँटेनाची तार दोघांत वाटली, तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम निम्मी शक्ती येते.

कायद्याचं भान मात्र हवंच. 1996 साली फ्लोरिडातल्या एका जोडप्याने स्कॅनरवर पकडलेलं राजकीय नेत्यांचं मोबाइल संभाषण पुढे जाहीर झालं, आणि दोघांना पाचशे-पाचशे डॉलर दंड बसला. आपल्याकडे तर 1933 च्या कायद्याने परवान्याशिवाय बिनतारी यंत्र बाळगणंच गुन्हा ठरवलं होतं. पोलिसांचं बोलणं चोरून ऐकायचा विचारही करू नका.

तरी एक निर्धोक प्रयोग घरी करता येईल. ओळीने मांडलेले रिसीव्हर एकमेकांच्या कानातही कुजबुजतात. कारण ऐकण्यासाठी बहुतेक जुन्या रेडिओंना आत स्वतःची एक बारीक लहर निर्माण करावी लागते. सुई फिरवायचे दोन जुने एफएम रेडिओ शेजारी ठेवा. एक 91.1 वर लावा, दुसरा 101.8 च्या आसपास हळूहळू फिरवा. तिथे स्टेशन नसेल, तर एका ठिकाणी खरखर अचानक थांबेल. पहिल्याची आतली लहर त्याच्या स्टेशनपेक्षा 10.7 मेगाहर्ट्झ वर असते, तीच दुसऱ्याने पकडली. याच हिशेबाने 107.9 वर लावलेल्या रेडिओची लहर 118.6 वर, म्हणजे थेट वैमानिकांच्या पट्ट्यात पडते. विमानात एफएम रेडिओ लावू देत नसत, त्यामागचं एक कारण हे होतं.