बेवड

पावणेसहा. रात्री पाऊस कोसळून गेलाय. सप्टेंबर हा बंगळुरूचा सर्वांत ओला महिना. ग्रोबॅगांखालच्या ताटल्यांत कोऱ्या चहासारखं पाणी साचलंय. ते माझं खतच आहे. नत्र पाण्याबरोबर निथळून जातं. ते डब्यात ओतून घेते आणि जिथलं तिथे परत घालते.

सव्वासहा. आता टोमॅटोच्या चार बॅगा. चारींत लाल माती एकच, गांडूळखताचं माप एकच, रोपंही एकाच दिवशी लावलेली. वाण 'अर्का रक्षक', हेसरघट्ट्याच्या बागवानी संशोधन संस्थेचं. फरक एवढाच, की आधी दोन बॅगांत श्रावणघेवडा होता आणि दोनांत वांगी. घेवड्यामागचे टोमॅटो छातीला लागलेत. वांग्यामागचे गुडघ्याशीच, आणि दुपारी माना टाकतात. मी त्यांना महिनाभर खताची जादा ओंजळ देत होते. गेल्या आठवड्यात एक रोप उपटलं, तर मुळांवर गाठीच गाठी. सूत्रकृमी. वांगं आणि टोमॅटो एकाच कुळातले, पाहुण्याला घर बदलावंच लागलं नाही. ती भूक नव्हती, आजार होता.

पावणेआठ. खाली पालेभाजीवाल्याची 'सोप्पु' अशी हाळी, फोनवर तासगावहून सासरे.

"आप्पा, वांग्यानंतर टोमॅटो लावला होता."

"अगं, वांग्याच्या बेवडावर टोमॅटो? मग खत घालून काय हुतंय!"

बेवड. आधीच्या पिकानं रानात काय ठेवलं आणि काय नेलं, याचा हिशेब या एका शब्दात आहे. बाकी आप्पांचा भरवसा पोत्यावर. त्यांच्या सांगण्यावरून गेल्या वर्षी चिमूटभर युरिया टाकला होता. चिमूट म्हणजे किती, हे दोघांनीही ठरवलं नव्हतं. युरियात नत्र 46 टक्के, माझ्या गांडूळखतात जेमतेम दीड-दोन. झाड हिरवंगार झालं, कठड्यावरून डोकावू लागलं आणि टोमॅटो लागले तीन. वॉचमननं वर येऊन निदान केलं होतं: "गोब्बरा जास्ती आयतु." खत जास्त झालं.

साडेनऊ ते साडेपाच ऑफिस, घरूनच. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

मधल्या सुट्टीत, एक वाजता, दुधीच्या साली कंपोस्टच्या मडक्यात टाकते, वर मूठभर सुका पाला. मडक्याशी उभी असले की हटकून 1970 पासून देशभर चाललेले दीर्घकालीन खतप्रयोग आठवतात. बंगळुरूच्या कृषी विद्यापीठातही त्यांचे वाफे आहेत, नाचणी-मक्याचे. या लाल मातीत नुसतं नत्र देत राहिलं तर ती आंबट होत जाते आणि उत्पन्न ढासळतं. नत्र-स्फुरद-पालाशाला शेणखताची जोड दिली की टिकतं. पिकं वेगळी, पण माझ्या बॅगांतली माती त्याच जातीची.

सहा. घेवड्याची तिसरी बॅग रिकामी करायची. वेल जमिनीलगत कापते, मुळं आत ठेवते. या गाठी सूत्रकृमींच्या नव्हेत, नत्र धरणाऱ्या जिवाणूंच्या. एक नखानं फोडली तर आत गुलाबी, म्हणजे काम करणारी. शेजारच्या बॅगेत लाडानं दुप्पट कंपोस्ट घातलं होतं, तिथे गाठी मोजक्याच. आयतं नत्र मिळत असताना घेवडा जिवाणूंना कशाला पोसेल? पुढच्या खेपेला घेवड्याला उपाशीच ठेवीन, आणि ती बचत मागून येणाऱ्या टोमॅटोला.

सात. कोपऱ्यावरून टोमॅटो आणायला लागलेच. कोलारचे. बंगळुरूच्या कोरमंगला-चल्लघट्टा खोऱ्यातलं प्रक्रिया केलेलं सांडपाणी 2018 पासून कोलारच्या तलावांत जातं. योजना रोज 44 कोटी लिटरची. भूजल भरणं हा हेतू, आणि प्रक्रिया पुरेशी आहे का यावर वाद आहेच. पण नत्र-स्फुरद थोडं उरतंच त्यात. आमच्याच मोऱ्यांतून गेलेलं काहीतरी पिशवीतून परत येत असेल, असं वाटून मी ते जरा जास्तच धुते.

साडेनऊ. खडूनं बॅगांवर लिहिते. घेवड्याच्या: टोमॅटो, मग मुळा. मुळ्याला ताजं शेणखत द्यायचं नाही, त्याला फाटे फुटतात. वांग्याच्या दोन: झेंडू, सूत्रकृमींसाठी. त्याच्यानंतर काय, ती जागा कोरी. झेंडूचा बेवड कसा असतो, हे सकाळी आप्पांना विचारायचं राहूनच गेलं.