ताईचं पहिलं मत

अमेरिकेत निवडणुकीच्या बातम्या चोवीस तास चालू असतात. मग आपल्याच मतदारसंघातला उमेदवार कोण, हे तिथल्या मतदाराला का कळत नाही?

माझी मावसबहीण चौकशीशिवाय काहीही करत नाही. प्लंबर बोलवायचा तर आधी चाळीस रिव्ह्यू वाचणार. मायक्रोवेव्ह घ्यायचा तर एक्सेल शीट बनवणार. वाढली डोंबिवलीत, पण गेली पंधरा-सोळा वर्षं न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर, हिक्सव्हिल नावाच्या गावात आहे. तिथं आपल्या दुकानांची अख्खी रांग आहे, त्यामुळे भाजणी संपली म्हणून ती कधी रडत नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये तिनं अमेरिकन नागरिक म्हणून पहिल्यांदा मतदान केलं. कोटावर स्टिकर चिकटवलेला सेल्फी फॅमिली ग्रुपवर आला. मावशीनं सात लाल बदाम पाठवले. मीही अंगठा दाखवला आणि विसरून गेले.

दीड महिन्यानं सकाळी सकाळी फोन. आवाज पडलेला.

"अगं, मी मत दिलं ना, तो माणूसच खोटा निघाला."

"राजकारणी खोटंच बोलतात गं ताई."

"तसं नाही. तो *माणूस*च खोटा आहे. कॉलेज खोटं, नोकरी खोटी, सगळा बायोडेटा खोटा!"

त्या माणसाचं नाव जॉर्ज सँटोस. न्यूयॉर्कच्या तिसऱ्या मतदारसंघातून तो हाउस ऑफ रिप्रेझेंटेटिव्ह्जवर, म्हणजे आपल्या लोकसभेसारख्या सभागृहावर, निवडून आला होता. तोही थोडक्यात नाही, तर सात-आठ टक्क्यांच्या फरकानं. बायोडेटा काय, लग्नाच्या साइटवर टाकावा असा! बरूक कॉलेजची डिग्री, गोल्डमन सॅक्स आणि सिटीग्रुपमध्ये काम. १९ डिसेंबर २०२२ ला 'न्यूयॉर्क टाइम्स'नं बातमी छापली की कॉलेज आणि या दोन्ही कंपन्यांकडे त्याची काही नोंदच नाही. आठवड्याभरात त्यानं स्वतःच कबूल केलं, की आपण कुठल्याच कॉलेजातून पदवी घेतलेली नाही आणि त्या कंपन्यांत थेट नोकरीही केलेली नाही.

ताईचा प्रश्न सरळ होता. "एवढे चॅनल, एवढे पेपर. मला हे मतदानाच्या *आधी* कुणी का नाही सांगितलं? तू पत्रकार आहेस ना? सांग."

बातमी होती की!

मी शोधायला बसले आणि जे सापडलं, त्यानं मला ताईपेक्षा जास्त ओशाळल्यासारखं झालं. कारण बातमी होती. निवडणुकीच्या दोन महिने आधी होती.

'नॉर्थ शोअर लीडर' नावाचं एक छोटं साप्ताहिक आहे, ताईच्याच भागातलं. सप्टेंबर २०२२ मध्ये त्यांनी सँटोसचं आर्थिक विवरणपत्र उघडून पाहिलं. हा कागद उमेदवाराला भरावाच लागतो आणि तो कुणालाही बघता येतो. २०२० च्या निवडणुकीत ज्यानं जेमतेम पंचावन्न हजार डॉलरची कमाई दाखवली होती, तो आता साडेसात लाख डॉलर पगार आणि वर लाखोंचा डिव्हिडंड दाखवत होता. दोन वर्षांत हे कसं झालं, असं त्या पेपरनं जाहीर विचारलं. गंमत म्हणजे पेपरचा मालक स्वतः रिपब्लिकन, म्हणजे सँटोसच्याच पक्षाचा. तरीही पेपरनं पाठिंबा दिला तो समोरच्या डेमोक्रॅट उमेदवाराला.

मग? मग काही नाही. जगातली सगळ्यात मोठी न्यूजरूम्स जिथं आहेत, त्या मॅनहॅटनपासून हा मतदारसंघ ट्रेननं तासाभराच्या आत. पण कुणी ती बातमी उचलली नाही. या लढतीची बाहेर चर्चा झाली, ती एका वेगळ्याच कारणानं. दोन्ही उमेदवार उघडपणे गे होते आणि काँग्रेसच्या निवडणुकीत असा सामना पहिल्यांदाच होत होता. हेडलाइन तयार होती. बायोडेटा तपासायला वेळ कुणाला?

आता माझी कबुली

मलाही नव्हता. त्याच नोव्हेंबरात एका पोर्टलसाठी मी अमेरिकेच्या मध्यावधी निवडणुकीवर लेख लिहिला होता. आठशे शब्द, दोन दिवसांत. बायडेन, ट्रम्प, महागाई, गर्भपाताचा हक्क आणि अर्थातच 'रेड वेव्ह', म्हणजे रिपब्लिकनांची लाट. त्यात एकाही मतदारसंघाचं नाव नव्हतं, एकाही उमेदवाराच्या विवरणपत्राचा उल्लेख नव्हता. संपादकांना लेख आवडला, हिट्सही बऱ्या मिळाल्या. भाकीत साफ चुकलं. लाट आलीच नाही, रिपब्लिकनांना ४३५ पैकी २२२ जागा मिळाल्या, बहुमतापेक्षा फक्त चार जास्त. आणि त्या वेळी एकट्या न्यूयॉर्क राज्यातच त्यांनी डेमोक्रॅट्सच्या चार जागा हिसकावल्या होत्या. त्यातली एक सँटोसची!

म्हणजे ज्याला आम्ही सगळे 'लोकल' म्हणून सोडून देत होतो, तेच वॉशिंग्टनमध्ये सत्ता ठरवत होतं.

हा आमच्या धंद्याचा जुना रोग आहे. निवडणूक म्हणजे घोड्यांची शर्यत. कोण पुढे, कोण मागे, पोल काय म्हणतो. १९६० मध्ये केनेडी आणि निक्सन यांचा वाद टीव्हीवर आला आणि उमेदवार कसा *दिसतो* हे महत्त्वाचं झालं. १९८० मध्ये सीएनएन आलं आणि बातमी चोवीस तासांची झाली. दोन्ही बाजूंना जागा देण्याचा रेडिओ-टीव्हीवरचा सरकारी नियम १९८७ मध्ये गेला. १९९६ मध्ये फॉक्स न्यूज आणि एमएसएनबीसी सुरू झाले आणि हळूहळू आपापल्या मतांचं चॅनल निवडायची सोय झाली. मग फेसबुक वगैरे आलंच. या सगळ्यात बातम्या कमी झाल्या का? उलट, बदाबदा वाढल्या. पण वाढल्या त्या वरच्या मजल्यावरच्या. तळमजल्याचे दिवे एकेक करून गेले. २००५ पासून अमेरिकेतली एक तृतीयांशाहून जास्त वर्तमानपत्रं बंद पडली आहेत आणि त्यातली बहुतेक छोट्या गावांची साप्ताहिकं.

पेपर बंद पडला की काय होतं?

तुम्ही म्हणाल, पडू दे बंद. मोबाइल आहे ना! मलाही तसंच वाटायचं.

मग सिनसिनाटीची गोष्ट वाचा. 'सिनसिनाटी पोस्ट' हे तिथलं दोन नंबरचं दैनिक. ३१ डिसेंबर २००७ ला त्याचा शेवटचा अंक निघाला. दोन अर्थतज्ज्ञांनी नंतर अभ्यास केला. नदीपलीकडे केंटकी राज्यातली जी उपनगरं या पेपरवर अवलंबून होती, तिथं पुढच्या स्थानिक निवडणुकांत कमी लोक उभे राहिले, खुर्चीवर असलेलेच पुन्हा निवडून येण्याची शक्यता वाढली आणि मतदान घटलं. दुसरा मोठा पेपर तिथं चालू होता, तरीही!

किंवा कॅलिफोर्नियातलं बेल. लॉस एंजेलिसला खेटून असलेलं, पस्तीस हजारांच्या आसपास वस्तीचं कष्टकऱ्यांचं गाव. २००५ मध्ये तिथं एक विशेष मतदान झालं. विषय रुक्ष होता, गावाला स्वतःची सनद असावी का. चारशेसुद्धा लोक मत द्यायला आले नाहीत. त्या मतदानानं नगरसेवकांच्या पगारावरची राज्याची मर्यादा उडाली. पाच वर्षांनी, जुलै २०१० मध्ये, 'लॉस एंजेलिस टाइम्स'चे वार्ताहर तिथं पोचले, तेव्हा गावाचा मुख्य प्रशासक वर्षाला जवळपास आठ लाख डॉलर पगार घेत होता. राष्ट्राध्यक्षाचा पगार चार लाख!

पण पुढचं ऐका. बातमी आल्यावर लोक पालिकेवर चालून गेले, प्रशासकानं राजीनामा दिला आणि मार्च २०११ मध्ये मतदारांनी जुन्या नगरसेवकांना घरी पाठवलं. माणसं तीच, गाव तेच. फरक एवढाच, की आता त्यांना *माहीत* होतं.

माहीत असूनही

मग सगळा दोष मीडियाचाच का? ताईला मी नेमकं हेच म्हटलं, जरा भीतभीतच. "'नॉर्थ शोअर लीडर' तुमच्याच भागात निघतो ना गं?"

फोनवर शांतता. मग म्हणाली, "लायब्ररीत असतो बहुतेक. मी कधी उचलला नाही. मी सीएनएन बघते, पॉडकास्ट ऐकते. मला वाटायचं, मी खूप अवेअर आहे. सिनेटमध्ये कुणाच्या किती जागा, हे मी तुला झोपेत सांगितलं असतं. आणि माझ्या उमेदवाराचं नाव मी बूथवर कागद हातात घेतल्यावर नीट वाचलं."

मला ते लागलं. कारण 'अवेअर' असणं म्हणजे आपल्यातल्या पुष्कळांच्या दृष्टीनं हेच असतं. लांबचं सगळं पाठ, जवळचं कोरं. बातमीचा आवाज जिथून मोठा येतो, तिकडेच आपण बघतो. आणि आम्ही पत्रकार तुम्ही बघता तिकडेच आवाज वाढवतो. या दोघांच्या मधल्या फटीतून सँटोस आत शिरतो.

पुढचं तुम्हाला माहीत असेल. १ डिसेंबर २०२३ ला सभागृहानं ३११ विरुद्ध ११४ मतांनी त्याला काढून टाकलं. २०२४ मध्ये त्यानं आर्थिक फसवणूक आणि दुसऱ्यांच्या ओळखीचा गैरवापर केल्याचा गुन्हा कबूल केला, २०२५ मध्ये ८७ महिन्यांची शिक्षा झाली आणि त्याच ऑक्टोबरात ट्रम्प यांनी ती माफ केल्यावर तो बाहेर आला. पण जवळपास अकरा महिने ताईच्या वतीनं वॉशिंग्टनमध्ये तोच मत देत होता. ते परत घेता येत नाही.

१३ फेब्रुवारी २०२४ ला त्या जागेसाठी पोटनिवडणूक झाली. त्या दिवशी तिकडे बर्फ पडत होता. ताई बूट चढवून गेली. डेमोक्रॅट टॉम सुओझी निवडून आले. तिनं मत कुणाला दिलं, ते या वेळी तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही.

सेल्फीही आला नाही. ग्रुपवर फक्त एक फोटो आला. एक्सेल शीट, वर दोन उमेदवारांची नावं. मावशीनं विचारलं, "नवीन मायक्रोवेव्ह घेतेयस का?"

ताईच्या शीटमधले कॉलम
(तिकडे मतदार असलेल्या भाऊ-बहिणीला, मित्राला जरूर पाठवा.)

• कमाई: उमेदवाराचं आर्थिक विवरणपत्र. हाउसच्या क्लार्कच्या वेबसाइटवर फुकट बघता येतं. मागच्या वेळचं आणि आताचं शेजारी ठेवून बघा.
• देणगीदार: प्रचाराला पैसा कुणी दिला? फेडरल इलेक्शन कमिशनच्या साइटवर नावानिशी यादी असते.
• मतपत्रिका: लीग ऑफ विमेन व्होटर्सच्या 'व्होट ४११' साइटवर आपला पत्ता टाका. कोण कोण उभं आहे, ते बूथवर जायच्या आधी कळेल.
• बायोडेटा: कॉलेज, नोकरी, तारखा. आपण नव्या माणसाला कामावर घेताना बघतो, तेवढं तरी!
• गावचा पेपर: ताईनं वर्गणी भरली आहे. बहुतेक पानं शाळेच्या मॅचेस आणि पार्किंगच्या भांडणांची असतात म्हणे. ती सगळी वाचते.